एकशे सव्वीसवरची रेघ

"ताई, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं तोंडाला कुलूप लावा."

"अगं, मी बोलतेय कुठे? मी एवढंच म्हटलं की पंखा जरा..."

"पंखा चालू आहे. पाय जमिनीला टेकवा. पायावर पाय नको. पाठ मागे टेका."

शिवणवाल्या ताईंनी पाय टेकवले, पाठ टेकली आणि तोंडात टाचण्या धरल्यासारखे ओठ घट्ट मिटून घेतले. मी त्यांचा उजवा हात टेबलावर ठेवला, दंडाला पट्टा बांधला आणि घड्याळ लावलं. प्रेशर मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटं गप्प बसायचं, असा आमचा नियम आहे. तीनशे दहा माणसं माझ्याकडे आहेत, त्यात गप्प बसणं कुणाला जड जात असेल तर या बाईला. तेवीस वर्षांत त्यांनी पाच मिनिटं सलग पाळल्याचं मला आठवत नाही. मधेच सुनेला हाक मारतील, मधेच माझ्या ब्लाउजची बाही कुणी बिघडवली ते विचारतील. मग मी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावायचं.

आज मात्र त्या गप्प बसल्या. नेमक्या आजच! मला वाटत होतं, त्यांनी बोलावं, वेळ जावा. कारण मोजून झालं की मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती सतरा वर्षं माझ्या पोटात होती, आणि आज माझा नोकरीचा शेवटचा दिवस होता.

तर आधी माझं काम सांगते, म्हणजे माझं पाप कळेल.

आमचा एक अभ्यास आहे. नाव लांबलचक आहे, पत्रकावर दोन ओळी खातं, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'मोठा अभ्यास' म्हणतो. देशभरातली बारा हजार घरं निवडलेली आहेत. दर वर्षी त्याच घरांत, त्याच माणसांकडे जायचं. प्रेशर, वजन, कंबर, साखर मोजायची. मीठ किती खाता, चालता किती, विडी-सिगारेट किती, झोप किती, हे विचारायचं. म्हण आहे ना, दुखणं येतं हत्तीच्या पायाने आणि जातं मुंगीच्या पायाने? हे आजार उलटे. मुंगीच्या पायाने येतात आणि जायचं नावच काढत नाहीत. ते येतात कधी, कुठल्या वाटेने आणि त्यांना दारातच कसं अडवायचं, ते शोधायला हा सगळा खटाटोप. एका वर्षाच्या आकड्यांनी काही कळत नाही. वीस-पंचवीस वर्षं तेच माणूस मोजत राहिलं की मग कळतं. दवाखान्यात आता प्रेशरच्या गोळ्या फुकट मिळतात ना? मीठ कमी करा म्हणून फलक लागलेत ना? ते या आकड्यांवरून. त्यात माझ्या चार गल्ल्या आहेत. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. मी मोजणारी. गल्लीत मला पट्टीवाल्या बाई म्हणतात.

घर बंद असेल तर तीनदा जायचं. तिन्ही वेळा माणूस भेटलं नाही, तर आकड्याच्या चौकटीत नऊशे नव्व्याण्णव लिहायचं. याचा अर्थ, नोंद नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माणसं गावाला जातात, कामावर असतात. आणि एखाद्या घरापुढे नऊशे नव्व्याण्णव पडलं की पुढच्या महिन्यात अभ्यासाची गाडी डॉक्टर घेऊन त्या घरी जायची. इतका सरळ नियम.

पण सहाव्या वर्षी आमच्या ऑफिसात एक फळा लागला. कुणाकडे किती नऊशे नव्व्याण्णव, ते नावानिशी. माझ्या नावापुढे पाच वर्षांचं शून्य. सगळे म्हणायचे, "बाई, तुमचं काय, तुम्ही माणसाला स्वर्गातून खाली आणून मोजाल!" आणि मी फुगायचे. माझा पट्टा कमी फुगत असेल, मी जास्त.

त्याच वर्षी शिवणवाल्या ताईंचं घर तीनदा बंद मिळालं. फेरीचा शेवटचा दिवस होता. पायरीवर बसून मी फॉर्म मांडीवर घेतला. आदल्या वर्षीचा आकडा होता एकशे अठ्ठावीस. मी त्यात दोन कमी केले आणि लिहिलं, एकशे सव्वीस. खालचा ब्याऐंशी. खाली सही केली. आळसापायी मी खोटं लिहिलं नाही हो, तीनदा पायपीट केली होती. हौसेपायी लिहिलं. फळ्यावरच्या त्या शून्यापायी.

आठ महिन्यांनी ताई मशीनवर बसल्या बसल्या डाव्या बाजूला कलंडल्या. मेंदूत रक्ताची गुठळी. असं काही झालं की त्याचाही फॉर्म असतो, आणि तो मीच भरला, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. त्यात एक रकाना आहे, 'मागील फेरीतील प्रेशर'. मी माझंच खोटं माझ्याच अक्षरात तिथे उतरवलं. नर्स म्हणाली, "बाई, तुमच्या कोण त्या?" मी म्हटलं, "माझ्या गल्लीतल्या."

ताई वाचल्या. पाय सुधारला, बोलणं तर दुप्पट सुधारलं. डावा हात मात्र अर्धाच परत आला. शिलाईला डावा हात कापड सरकवतो, तोच गेला म्हटल्यावर मशीन संपलं. पण ही बाई हार मानणारी नव्हे. त्यांनी सुनेला मशीनवर बसवलं आणि स्वतः कटिंग धरलं. उजव्या हातात कात्री, कापडावर दाबायला लोखंडी इस्त्रीचं वजन. "कटिंग माझं, शिलाई सुनेची, आणि भांडण दोघींचं," असं त्या गिऱ्हाइकांना सांगतात.

घड्याळ वाजलं.

मी प्रेशरच्या मशीनचं बटण दाबलं. पट्टा फुगला, आकडे चढले, उतरले. एकशे सेहेचाळीस.

"बघ! वाढलं ना?" ताईंचं कुलूप फुटलं.

"पहिला आकडा धरायचा नाही, ताई. तेवीस वर्षं सांगतेय. पहिला भीतीचा असतो. गप्प."

दुसरा आला एकशे चौतीस, तिसरा एकशे बत्तीस. ते लिहून घेतले. गोळ्या रोज घेताय का, विचारलं. घेतात. मीठ? "सून डबा लपवून ठेवते." सही झाली. फॉर्म पिशवीत गेला. आता उठायचं की सांगायचं?

"ताई, एक सांगायचंय."

"सांग की. आज शेवटचा दिवस म्हणून रडू नको हं. मला रडणाऱ्या बायकांचं माप घेता येत नाही."

मी सांगितलं. सगळं. तीन वेळा बंद दार, पायरी, एकशे अठ्ठावीसमधून वजा दोन, फळा, शून्य. "मी खरं लिहिलं असतं तर पुढच्या महिन्यात गाडी आली असती. डॉक्टरने तपासलं असतं. तुमचा हात..."

आतल्या खोलीत सुनेचं मशीन चालू होतं, ते थांबलं. तिला ऐकू गेलं असणार. ताईंनी कटिंगसाठी उचललेला खडू कापडावर ठेवला.

"म्हणजे त्यानंतर तू दर वर्षी येत होतीस, माझ्या हातासाठी तेल आणत होतीस, व्यायाम करून घ्यायला रविवारचीसुद्धा यायचीस... ते याच्यामुळे?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती. मी म्हटलं, "सुरुवातीला यामुळेच. नंतर नाही. नंतर मला इथे बरं वाटायचं."

ताईंनी मला नजरेने मापलं. कंबर बघावी तसं, पोट आत घेतलंय की खरंच एवढं आहे ते. मग त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली आणि ओरडल्या, "मशीन चालू कर गं! कान टवकारून बसलीय!"

मशीन सुरू झालं. त्या आवाजाच्या आडोशाने त्या खाली वाकून म्हणाल्या, "मी घरातच होते."

"कधी?"

"तिन्ही वेळा. तू दार वाजवत होतीस आणि मी दिवा मालवून मशीनच्या मागे जमिनीवर बसले होते. एकदा तर शिंक आली, तोंडात पदर कोंबला."

"का पण?" मी विचारलं.

"माझी दाढ दुखत होती तेव्हा. उपटायला गेले, तर दातांच्या डॉक्टरने आधी प्रेशर बघितलं आणि म्हणाला, एकशे ऐंशी आहे, दाढेला हात लावणार नाही, आधी मोठ्या दवाखान्यात जा. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलेलं, दोनशे जोड! मी म्हटलं, पट्टीवाल्या बाईने बघितलं तर ही बया मला आजच्या आज पलंगावर झोपवेल. घरच्यांना सांगेल. म्हणून लपले. दाढेत लवंग धरली आणि गणवेश शिवले. सतरा वर्षं मला वाटत होतं, या बिचारीला मी तीनदा फसवलं. आणि ही बिचारी तर माझ्या वरताण निघाली!"

त्या हसायला लागल्या. मलाही हसू फुटलं, आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. सून पाणी घेऊन बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पेला ठेवून आत गेली. गुणी पोरगी आहे.

"पण गाडी आली असती ना, ताई," मी डोळे पुसत म्हटलं.

"गाडी आली असती तरी मी मशीनच्या मागेच बसले असते."

"कोण जाणे. डॉक्टर बघून दार उघडलंही असतं."

ताईंनी 'नाही' म्हटलं नाही. त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतला. "हो. कोण जाणे," त्या म्हणाल्या. "ते आता तुझंही राहू दे आणि माझंही. पण मला हे सांग, तो आकडा अजून तिथे आहे?"

"आहे. कागदावरही आणि कॉम्प्युटरमध्येही."

"मग काढ. अगं, माझ्याकडे बायका येतात, म्हणतात कंबर दोन इंच कमी लिहा, बरं दिसतं. आयुष्यात लिहिली नाही. ब्लाउज खरं बोलतोच शेवटी. माझ्या नावापुढे खोटं माप नको."

"काढला तर माझं शून्य जाईल, ताई. आज चारला सत्कार आहे. सर्टिफिकेटवर छापलंय."

"तुझं शून्य तू बघ. माझं माप मला दे."

मी पिशवी उचलली तशा त्या म्हणाल्या, "थांब. तुझं प्रेशर कुणी मोजलंय कधी?" आणि एका हाताने, अर्धा पट्टा दातात धरून, त्यांनी माझ्या दंडाला तो बांधला. उलटा बांधला, मी सरळ केला. आला एकशे पन्नास! ताई मात्र तोऱ्यात म्हणाल्या, "पहिला धरायचा नाही." मग पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो. खरंच बसलो. दुसरा आला एकशे छत्तीस.

ऑफिसात पोचले तेव्हा दोन वाजले होते. मधल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते, टेबलावर हार होता. आमचे आकडेसाहेब, म्हणजे सगळी नोंद सांभाळणारे, कॉम्प्युटरसमोर डबा उघडून बसले होते. मी दार लावून घेतलं आणि त्यांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"बाई, आजच्या दिवशी?"

"उद्या मला गेटवर कोण आत सोडणार?"

"अहो, पण लाखो आकडे आहेत. त्यातला एक. सरासरीला ढिम्म फरक पडणार नाही, मी लिहून देतो."

"सरासरीला नाही पडणार. घर नंबर दोनशे बाराला पडतो. तिला झटका आला, साहेब. आमच्या कागदावर असं दिसतंय की एकशे सव्वीसवालीला झटका आला. उद्या कुणी डोकं लावून शोधत बसेल, प्रेशर चांगलं असताना हिला का आला? काय सापडणार त्याला? माझी हौस?"

आकडेसाहेब डबा बंद करून उठले. माणूस कुरकुऱ्या आहे, पण कामाचा पक्का. "दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागेल," ते पुटपुटले. "दोन प्रती. आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना मला सांगावं लागेल, ते मी लपवणार नाही."

"सांगा. मी सांगितलेलंच बरं म्हणा, मी येते तुमच्याबरोबर."

तळघरात सहाव्या फेरीचे खोके होते. दोनशे बाराचा फॉर्म बाहेर निघाला. कागद पिवळा पडला होता, पण माझं अक्षर काय टवटवीत! खोटं लिहिताना मी इतकं वळणदार लिहिलं होतं, याचीच मला चीड आली.

आमच्याकडे खोडायची एक रीत आहे. रबर चालत नाही, पांढरा रंग चालत नाही, गिरवून काळं करणं तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला खरा आकडा, सही आणि आजची तारीख. नवीन आलेल्या प्रत्येकीला ही रीत मीच शिकवली आहे. एकशे सव्वीसवर रेघ मारली. ब्याऐंशीवर मारली. बाजूला दोनदा लिहिलं, नऊशे नव्व्याण्णव. सही केली, तारीख घातली. मग हॉस्पिटलात भरलेला फॉर्म काढला आणि तिथेही तेच केलं. दुरुस्तीच्या फॉर्मवर 'कारण' म्हणून एवढासा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'मोजलं नव्हतं'.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत असं नाही. बोलल्या, आणि लागेल असं बोलल्या. माझे सगळे जुने फॉर्म तपासून घ्यावे लागतील म्हणाल्या. मी म्हटलं, तपासाच, दुसरा सापडणार नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ते सर्टिफिकेट छापलंय. त्याचं काय करायचं?"

"मला द्या," मी म्हटलं. "आणि एक पेन."

चार वाजता सत्कार झाला. हार घातला, टाळ्या झाल्या. आकडेसाहेबांनी भाषणात मला 'आमच्या अभ्यासाचा कणा' म्हटलं आणि लगेच चष्मा पुसायला घेतला. मला बोला म्हणाले, तेव्हा मी फार बोलले नाही. म्हटलं, "इथे लिहिलंय, तेवीस वर्षांत एकही नोंद रिकामी नाही. ते चूक आहे. एक आहे. कशी, ते मी आज फॉर्मवर लिहून दिलंय, कुणालाही वाचता येईल." आणि टेबलावर सर्टिफिकेट ठेवून 'एकही नोंद रिकामी नाही' यावर आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'एक रिकामी'. सही. तारीख. क्षणभर कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मग मागच्या रांगेतून कुणीतरी सुरुवात केली.

आमचे हे घरी म्हणाले, "खोडाखोड केलेलं सर्टिफिकेट भिंतीवर कोण लावतं?" मी म्हटलं, "मी लावते. खिळा ठोका." त्यांनी ठोकला, पण त्यांची नजर आणि खिळा, दोन्ही तिरकी.

दुसऱ्या आठवड्यात शिवणवाल्या ताई पहिल्यांदाच माझ्या घरी आल्या. इतकी वर्षं मीच जायचे. जिना चढून दमल्या होत्या, पण बसल्या नाहीत. तडक भिंतीपाशी गेल्या आणि रेघेखालचं एक-एक अक्षर लावून वाचलं. मग बाजूचं वाचलं.

"डाव्या बाजूला अर्धा इंच खाली आहे," त्या म्हणाल्या.

"राहू दे ताई, हे आले की करतील सरळ."

"गप्प बस पाच मिनिटं."

उजव्या हाताने त्यांनी फ्रेमचा एक कोपरा धरला. मग डावा हात निघाला. आधी कमरेपर्यंत आला, थांबला, थरथरला, पुन्हा निघाला. मी पुढे झाले होते, ती मागे सरले. खांद्याच्या वर हात जाताना मी कधी पाहिला नव्हता. बोटं दुसऱ्या कोपऱ्याला लागली आणि त्यांनी फ्रेम हलकेच अर्धा इंच वर सरकवली.

"आता बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. फ्रेम सरळ होती. ताईंनी हात काही लगेच खाली घेतला नाही.